नववीची सभा आणि मोहाचे दिवस

शाळेतले किस्से कोणी जमवत नाही. ते आपोआप साचतात. आमच्या शाळेत नकाशांचे एक जुने कपाट होते. महाराष्ट्राचा नकाशा हवा म्हणून दार उघडावे, तर आशिया खंड, मानवी पचनसंस्था आणि बेडकाचे जीवनचक्र असे सगळे एकदम अंगावर कोसळत! माझ्या आठवणींचेही तसेच झाले आहे.

चंद्रपूरला आम्ही चार निवृत्त शिक्षिका दर गुरुवारी दुपारी चहाला जमतो. मागच्या गुरुवारी त्यांतल्या एकीने सहज विचारले, "तुम्ही इतकी वर्षे नागरिकशास्त्र शिकवलेत. त्यातले काही कधी कोणाच्या उपयोगी पडले का हो?"

मी उत्तर शोधायला कपाट उघडले, आणि ती नववी अंगावर कोसळली.

*

गडचिरोली जिल्हा तेव्हा अगदी नवा होता. मूल या तालुक्याच्या गावाहून येणारी बस जिथे वळसा घेऊन परत फिरायची, ते आमचे गाव. गावाच्या टोकाला शाळा, आणि शाळेच्या कुंपणापासून जंगल सुरू. गावाचे नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण तिथली माणसे अजून दिवाळीला माझ्या घरी येतात.

नववीत एक्केचाळीस मुले-मुली होती, आणि त्या वर्गाची वर्गशिक्षिका मी. एके दिवशी मी फळ्यावर एक वाक्य लिहिले : 'लोकशाहीत स्वातंत्र्य, समता आणि शिस्त या मूल्यांचा समतोल राखावा लागतो.' परीक्षेत हमखास येणारे वाक्य होते ते. वर्गाने वहीत उतरवून घेतले. मी पुसायला डस्टर उचलले, तोच हरिदास नावाचा मुलगा उभा राहिला.

"बाई, राखते कोण?"

"काय?"

"समतोल. जंगल राखाले गार्ड आहे. धान राखाले माणूस बसते. समतोल राखाले कोण नेमला आहे?"

डस्टर माझ्या हातातच राहिले. बावीस वर्षे मी ते वाक्य लिहीत आणि पुसत आले होते. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही स्वतःला विचारला नव्हता!

त्याच शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी नववीची सभा सुरू केली. वर्गाचे प्रश्न वर्गाने चर्चा करून सोडवायचे, मत घ्यायचे, आणि ठरेल ते सर्वांनी पाळायचे. सभापती म्हणून वर्गाने रत्नमाला रामटेके हिला निवडले. तिचे वडील टपाल कार्यालयात होते. त्यांच्या घरी राज्यघटनेची प्रत होती, आणि तिच्यावर धूळ नव्हती. एवढे सांगितले म्हणजे रत्नमालेची ओळख पुरी झाली.

सभेपुढचा पहिलाच ठराव ऐकून मी खुर्चीला टेकले. ठराव असा होता : 'सभा चालू असताना बाईंची छडी टेबलावर नसावी.'

"छडीचा सभेशी काय संबंध?" मी विचारले. "मी ती उचललेली नाही."

"उचलायला नाही लागत, बाई," रत्नमाला म्हणाली. "ती इथे पडून असली, की हात वर करताना सगळे आधी तिच्याकडे पाहतात."

ठराव एकमताने संमत झाला. छडी नकाशांच्या कपाटात गेली. त्या कपाटात शिरलेली वस्तू सहसा परत सापडत नसे, हे मुलांना माझ्याआधी ठाऊक होते!

*

शाळेत एकच हातपंप होता आणि सुट्टी दहा मिनिटांची. दांडगी मुले आधी पाणी पीत, बाकीची कोरड्या घशाने वर्गात परतत. प्रश्न सभेपुढे आला.

गजानन आवारी उठला. हा आठ किलोमीटरवरच्या गावातून सायकलीने यायचा, पण शाळेच्या दाराशी सर्वांत आधी त्याचीच सायकल लागलेली असे. नियमाचा मोठा भोक्ता!

"समानता म्हणजे समानता," तो म्हणाला. "रोल नंबरनं लाईन लावाची. कोणाचा मुलाहिजा नाई."

ठराव संमत झाला. आठवडाभराने लक्षात आले, की शेवटच्या दहा क्रमांकांना घंटा होईपर्यंत पाणी मिळतच नाही. आणि रोल नंबर एक कोणाचा होता, हेही तेव्हाच लक्षात आले. गजाननचा!

"काऊन रे, तुले समानता बरी सुचली!" मागच्या बाकावरून आवाज आला.

मग दुरुस्ती झाली : एक दिवस रांग पहिल्या नंबरापासून, दुसऱ्या दिवशी शेवटल्या नंबरापासून. सगळे खूश. मीही खूश, समतोल म्हणतात तो हाच, असे मला वाटले. तेवढ्यात हरिदास उभा राहिला.

"बाई, माझा रोल नंबर एकवीस."

"मग?"

"इकडून मोजा, मी एकविसावा. तिकडून मोजा, तरी एकविसावा! समानता मधल्याले लागू नाई का?"

मी बोटांवर मोजून पाहिले. दोन्ही बाजूंनी पाहिले. पोराचे बरोबर होते!

*

आमचे मुख्याध्यापक उमरे सर. माणूस देवभोळा, सज्जन, आणि दुपारी दोन ते अडीच डुलक्या घेणारा. नववीच्या भित्तिपत्रकावर एक दिवस ओळ आली : 'आपले मुख्याध्यापक दुपारी झोपतात.'

सर तणतणत वर्गात आले. "बाई, हे तुमचे नागरिकशास्त्र? ही विचारांची अभिव्यक्ती आहे की माझी बदनामी?"

मी कागद काढायला हात पुढे केला, तर रत्नमाला आडवी आली. "बाई, तुम्हीच शिकवलं, दोन्ही बाजू तपासल्याशिवाय काही फाडायचं नाही. मजकूर खोटा असेल तर आम्ही माफी मागू. खरा असेल तर..." इथे तिने सरांकडे पाहिले आणि वाक्य सोडून दिले.

सभेने तीन जणांची कमिटी नेमली. तिघे सलग तीन दिवस, दुपारी दोन वाजता, सरांच्या खिडकीबाहेर हात बांधून उभे राहिले. चौथ्या दिवशी रिपोर्ट सभेपुढे वाचला गेला :

'सर डोळे मिटतात, हे तिन्ही दिवस आढळले. डोळे मिटून सर शाळेचा विचार करतात की झोपतात, हे बाहेरून सांगता येत नाही. आवाज मात्र येतो. तो विचाराचा आवाज असावा, असे एका सदस्याचे मत आहे. बाकी दोघांचा त्यास विरोध आहे.'

मला वाटले, आता सभा बंद होणार. संध्याकाळी सर माझ्याजवळ आले, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच विचारले, "बाई, तो एक सदस्य कोण हो? मोठा गुणी पोरगा दिसतो!"

*

मुलांचे पाहून उमरे सरांनाही हुरूप आला. शिक्षकांची बैठक त्यांनी प्रथमच मत घेऊन चालवली. विषय : शनिवारचे जादा तास कोणी घ्यावेत? चर्चा जोरात झाली. प्रत्येकाला काही ना काही अडचण होती. अखेर टाळ्यांच्या गजरात, सर्वानुमते ठरले, की जादा तास चित्रकलेच्या बाईंनी घ्यावेत. त्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या!

सांगायला लाज वाटते, पण हात मीही वर केला होता.

दुसऱ्या दिवशी रत्नमालेने मला व्हरांड्यात गाठले. शिक्षकांच्या खोलीची खिडकी नववीला लागूनच होती, हे मी विसरले होते.

"बाई, एक विचारू? जो माणूस बैठकीत नाही, त्याचं मत कोण धरतं?"

मी तिला वर्गात जायला सांगितले. 

*

आता मैनीविषयी. मैनी उसेंडी जंगलातल्या चार किलोमीटरवरच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, चालत यायची. घरची बोली गोंडी. सभेत सहा महिने ती एक शब्द बोलली नव्हती. मला वाटे, मुलीला विषय समजत नाही. किती चुकीचे वाटत होते, ते डिसेंबरात कळले.

वनभोजनाला कुठे जायचे, यावर सभेत मत घेतले. नदीच्या बाजूने एकोणतीस, डोंगराच्या बाजूने अकरा. सभापतीला मत नव्हते. रत्नमालेने निकाल सांगितला, वर्ग रिकामा झाला, मी घरी गेले. तासाभराने शिपाई दौलतभाऊ माझ्या दाराशी आला.

"बाई, वर्गाले कुलूप लावू कसा? ते पोरगी आत बसून आहे. ऊठ म्हटलं तं उठत नाई."

मी परत गेले. मैनी बाकावर शांत बसलेली.

"मैनी, सभा संपली ना?"

"कुठी संपली, बाई?" ती म्हणाली. "अकरा जन नाई म्हणून राह्यले होते."

"अगं, एकोणतीस आणि अकरा. याला बहुमत म्हणतात."

"आमच्या गावात हात मोजत नाई. एक जन नाई म्हणाला, तं पुन्हा बसते. तो काऊन नाई म्हणते, ते आयकते. सगळे हो म्हणत, तवाच उठते."

"आणि दिवस मावळला तर?"

"तं दुसऱ्या दिवशी बसते."

मी तिला बहुमताचे तत्त्व पंधरा मिनिटे समजावले. तिने लक्ष देऊन ऐकले. मग विचारले, "मंग ते अकरा जन येतीन, पण त्यायचं मन घरीच राहीन न?"

मी म्हटले, मुले आहेत, विसरतील. वनभोजनाला आम्ही नदीवर गेलो. एकोणतीस जण नदीकाठच्या जांभळीखाली जेवायला बसले. ते अकरा जण आपापले डबे उचलून दूरच्या बाभळीखाली गेले आणि नदीकडे पाठ करून जेवले!

मैनी कोणाबरोबर बसली? ती डबा घेऊन दोन्ही झाडांच्या मधोमध, उन्हात बसली होती.

*

मार्चमध्ये शाळा सकाळची होई, सात वाजता. आणि मोहाची फुले पडण्याची वेळही तीच! पहाटेपासून फुले टपटपतात; ती गुरांनी आणि हरणांनी खाण्याआधी वेचावी लागतात. टोल्यावरच्या घरांचे वर्षाचे मीठ-तेल त्या फुलांवर चालायचे. मैनीच्या घरी वेचणाऱ्या दोघीच : ती आणि तिची आई; वडील पहाटेच मजुरीला जात.

मैनीची हजेरी आधीच तुटपुंजी होती. पावसाळ्यात हिवतापाने पडली, दिवाळीच्या सुमारास धानाच्या कापणीला राहिली. नियम स्पष्ट होता : हजेरी ठरलेल्या प्रमाणाखाली गेली, की वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. मी रजिस्टर मांडून हिशेब केला. तिला फक्त सहा दिवस चुकवता येत होते, आणि मोह तीन आठवडे चालणार होता.

तिचे वडील स्वतः शाळेत आले. व्हरांड्याच्या पायरीवर बसले. खुर्ची दिली तरी नको म्हणाले. "बाई, पास झाली तं दहावीले पाठवतो. नाई तं शाळा बंद. मंग मोहच वेचन ते." बोलण्यात राग नव्हता. आज ऊन आहे, असे सांगावे तसे सांगितले.

मी शिक्षकांच्या खोलीत उमरे सरांना गाठले. सर म्हणाले, "त्यात काय एवढे? आठ-दहा दिवस भरून टाका, बाई. गरीब पोरगी आहे. कोण पाहतो?"

 ज्या रजिस्टरवर बावीस वर्षांत एक खाडाखोड नव्हती, मुलाने स्वतःच्या तोंडाने 'हजर' म्हटल्याशिवाय ज्यात मी कधी खूण केली नव्हती, ते रजिस्टर! "सर, मी खोटी हजेरी लिहिणार नाही," मी म्हटले.

"मग पोरीला घरी बसवणार?"

 नववीकडची खिडकी पुन्हा उघडीच होती. शनिवारी सभेत रत्नमालेने विषय घेतला तो असा : "सर सांगतात ते खोटं आहे. बाई सांगतात ते खरं आहे, पण त्यानं मैनीचं वर्ष जातं. आपल्याला तिसरं काही सापडतं का, पाहू."

सापडले ते त्यांनाच. हजेरी रोज घ्यावी, असे नियमात होते. किती वाजता घ्यावी, ते नव्हते. रत्नमालेने ठराव मांडला : मोहाचे दिवस संपेपर्यंत हजेरी सातऐवजी नऊ वाजता, सुट्टीनंतर घ्यावी. सर्वांची.

गजानन ताडकन उठला. "अन् मी? मी आठ किलोमीटर सायकल हाणतो, सातच्या आत येतो. हजेरी नवले घेतली, तं मी का बावळा आहो का? नियम पाळते त्याले काईच नाई, अन् उशिरा येते त्याच्यासाठी सभा!"

मनातून मी गजाननच्या बाजूची होते. नियम पाळणाऱ्याला कोणी विचारत नाही, हे दुःख मला माहीत होते.

मत घेतले. बाजूने तेवीस, विरोधात सोळा. मैनीने हात वर केलाच नव्हता. ठराव संमत! मुलांनी टाळ्या वाजवल्या. दप्तरे उचलली गेली.

मैनी उठली नाही.

"मले नको असं," ती म्हणाली. "गजाननचं मन नाई झालं."

 माझ्या मनात आले, अगं, तुझे वर्ष वाचले, तू जिंकलीस, आणि तूच नाही म्हणतेस?

"पोरी, वेडी झाली का?" हरिदास ओरडला. "ते बाभळीखालचे अकरा जन आठवते न?" मग तो आवाज उतरवून स्वतःलाच म्हणाला, आणि खाली बसला. त्याच्यापाठोपाठ रत्नमाला बसली. मग एकेक करून सगळे बसले. हरिदास त्या अकरा जणांतला एक होता, हे मला तेव्हा आठवले.

साडेअकरा झाले. बारा झाले. पत्रे तापले. सोळांतले पंधरा जण एकेक करून हो म्हणाले. काहींचे मन वळले, काहींना भूक लागली. दौलतभाऊ दोनदा डोकावला. तिसऱ्यांदा म्हणाला, "बाई, कुलूप बाहेरून लावू, का आतून?"

गजानन खिडकीतून आपल्या सायकलीकडे पाहत होता.

"सांग न मंग," तो एकाएकी मैनीवर खेकसला. "सातले येऊन मले का भेटलं?"

मैनीने त्याच्याकडे पाहिले. "दोन पिरियड भेटले. गणिताचा अन् इंग्रजीचा. मले ते भेटत नाई. मोह वेचता वेचता मी तेच आठवतो, का आता बाई फळ्यावर का लिहून राह्यल्या असतीन."

 गजानन दप्तर पाठीला लावत म्हणाला, "बरं. नवले घ्या. अन् ते गणित मी देतो तुले, सुट्टीत."

मला वाटले, झाले. पण कोणी उठेना. एक्केचाळीस डोकी माझ्याकडे वळली.

"बाईचं राह्यलं," मैनी म्हणाली.

"मला मत नाही. मी सभेची सदस्य नाही."

"मत नाई मांगून राह्यलो, बाई. तुमचं मन विचारून राह्यलो."

नियमात मला एकही शब्द नऊच्या हजेरीविरुद्ध सापडला नाही. शोधला मी, कबूल करते. "ठीक आहे," मी म्हटले. "पण माझी एक अट. नऊचा टोला पडला, की हजेरी. एकदाच. नंतर आलेला गैरहजर. मग तो कोणीही असो. आणि आपल्या तोंडाने 'हजर' म्हटल्याशिवाय खूण नाही."

सगळे हो म्हणाले. मैनीही म्हणाली.

*

तीन आठवडे तसेच चालले. मैनी नवाच्या आत धापा टाकत येई; तिच्या ओढणीला मोहाचा गोड, आंबूस वास असे. तरी सहा दिवस हातचे गेलेच. एकदा आई तापाने पडली, एकदा नाल्याकडे वाघाचा माग दिसल्याने टोल्याबाहेर कोणी पडले नाही. परीक्षेपूर्वीचा शेवटचा दिवस उगवला, तेव्हा तिच्याजवळ शिल्लक एकही दिवस नव्हता. हे मला ठाऊक होते, तिला ठाऊक होते, आणि चाळीस जणांनाही ठाऊक होते.

नऊ वाजायला पाच मिनिटे होती. मैनी आली नव्हती. मी उगाचच फळा दोनदा पुसला. दौलतभाऊने रुळाच्या तुकड्यावर नऊचे टोले दिले. मी रजिस्टर उघडले, पेनाचे टोपण काढले.

"क्रमांक एक."

उत्तर नाही. गजानन माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसलेला होता.

"क्रमांक एक!"

तो माझ्याकडे पाहत राहिला.

"क्रमांक दोन." शांतता. "तीन. चार." चकार शब्द नाही! "क्रमांक एकवीस." हरिदास छताकडे पाहत होता. "रत्नमाला!" ती तर सभापती, तिने नजर खाली घातली, पण तोंड उघडले नाही.

माझा आवाज चढला. "गजानन, तू इथे आहेस की नाहीस?"

"इथी आहो, बाई," तो उभा राहून आदबीने म्हणाला. "पण हजर व्हाचं आहे अजून."

आणि खाली बसला.

माझे पेन हातातच राहिले. चाळीस मुले समोर बसलेली असताना त्यांना गैरहजर लिहू? ते खोटे. कोणी 'हजर' म्हटलेले नसताना हजर लिहू? तेही खोटे! त्या पानावर लिहिण्याजोगे खरे असे माझ्याजवळ काहीच नव्हते. 

उमरे सर दाराशी आले. "काय बाई, आज हजेरी किती?"

"अजून एकही नाही, सर."

सरांनी भरलेल्या वर्गाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पाय न वाजवता निघून गेले.

नऊ वाजून दहा मिनिटे झाली. सव्वानऊ झाले. कोणी कुजबुजले नाही, कोणी पुस्तक उघडले नाही. छडी कपाटात होती, आणि मला तिची आठवणही आली नाही.

मग व्हरांड्यात टोपली आदळल्याचा आवाज आला. मैनी दारात उभी! केसांत पाने, कोपर सोललेले, पावले धुळीने माखलेली.

"कुठे होतीस?"

"झाडावर, बाई. खाली अस्वल होतं."

"अस्वल!"

"मोह खाऊन राह्यलं होतं. हालत नव्हतं." तिने श्वास घेतला. "ते पयले आलं होतं, बाई. मंग नंबर त्याचाच न."

 ती आपल्या जागेवर जाऊन बसली, ओढणीने कोपर झाकले, आणि समोर पाहू लागली. तेव्हा गजानन उठला.

"बाई, नऊ वाजले. घ्या हजेरी."

घड्याळ माझ्या डाव्या मनगटावर होते. मी तो हात टेबलाखाली घेतला.

"क्रमांक एक."

"हजर!"